काळा सदरा पांढरा दिसतो

पडद्यावर हात दिसला. कोपरापासून पुढं, बोटं अर्धी मिटलेली. मग करंगळी हलली. माझ्या खांद्यावरून वाकून बघणारी लक्ष्मव्वा म्हणाली, "ह्यो माझा मालक न्हाय. माझा भाऊ हाय."

बाही पांढरी होती. तिच्या नवऱ्यानं, शिवाप्पानं, सकाळी काळा सदरा घातला होता. भावानं, भीमानं, पांढरा. दोघं पंचेचाळीस फूट खोल विहिरीच्या तळाशी होते आणि विहिरीची एक बाजू ढासळून त्यांच्यावर आली होती. त्याला दोन तास होऊन गेले होते.

मागं उभ्या असलेल्या गर्दीत गलका झाला. "भीमा हाय! भीमा जित्ता हाय!" कुणीतरी पळत जाऊन पोकलेनवाल्याला सांगितलं. एक म्हातारी लक्ष्मव्वाच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. भाऊ वाचला म्हणून की नवरा गेला म्हणून, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. लक्ष्मव्वा रडली नाही. पडद्याकडं बघत राहिली.

मी म्हणाले, "बाहीवर जाऊ नको. ह्या कॅमेऱ्याला काळं कापडसुद्धा पांढरं दिसतं."

"म्हंजी?"

"म्हणजे हा भीमा असेल, नाहीतर शिवाप्पा असेल. मला सांगता येत नाही."

बाहीनं तिचा नवरा नेला होता. मी तोंड उघडून भावाचीही खात्री नेली. पण खोटं कशाला सांगायचं?

हे समजायचं तर आमचा धंदा समजला पाहिजे, म्हणून तो आधी सांगते. हे लिहून मागणाऱ्या संपादकांनीही तसंच सांगितलंय, की आजी, सोपं करून लिहा. मला अवघड करून लिहिताच येत नाही. मी चौथी शिकलेली आहे.

परंड्याला आमचं दुकान आहे. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, असताना तिथं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त व्हायचे. ते गेल्यावर मी कॅमेरे ठेवायला लागले. शेळ्यांच्या गोठ्याचे, दुकानांचे, लॉजचे. आणि बोअरमध्ये सोडायचा कॅमेरा. शेतकऱ्याची मोटर बोअरमध्ये अडकते, पाइप फुटतो, पाणी कितीवर लागलं ते कळत नाही. मग आम्ही बोटभर जाडीच्या केबलला कॅमेरा बांधून खाली सोडतो आणि वर पडद्यावर दाखवतो. आमच्या भागात बोअर घरटी आहेत आणि पाणी त्यातल्या निम्म्यांत नाही, तेव्हा कामाला तोटा नाही.

आम्ही म्हणजे मी आणि रशीदभाई. रशीदभाई शेजारच्या दुकानात घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे. माझ्याएवढेच म्हातारे. डोळ्याला भिंग लावून ते तारेला जोडाचा असा डाग देतात की केसाच्या जाडीची तार केसासारखीच राहते. मी आयुष्यात पुष्कळ कारागीर बघितले, सोनारही बघितले. ह्या माणसाइतका थंड हात कुणाचा नाही. तयार कॅमेरा आम्ही फार कमी वापरतो. सेन्सर वेगळा आणतो, लेन्स वेगळी आणतो, दिवा वेगळा. कोणता घ्यायचा ते मी ठरवते. बसवतात ते.

मी ठरवते ते पेवात. आमच्या अंगणात एक पेव आहे. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेलं कोठार, तोंड घागरीएवढं अरुंद आणि पोट खोलीएवढं. ज्वारी आता पोत्यात असते, म्हणून पेव रिकामं. भर दुपारी झाकण लावलं की आत जो अंधार होतो तसा अमावस्येलाही नसतो. आत हवा कोंदलेली असते, त्यामुळं माणूस उतरवत नाही. कॅमेरा सोडते. तळाला वर्तमानपत्राचं पान, एक कोळसा, मूठभर ज्वारी आणि कापडाचे तुकडे टाकलेले आहेत. कॅमेऱ्याला बातमीचं शीर्षक वाचता आलं तर बरा. ज्वारीचे दाणे मोजता आले तर घ्यायचा. विकायला येणारे कंपनीचे लोक सुटाबुटात येतात, कागद दाखवतात. मी म्हणते, कागद राहू दे, पेवात सोड. बरेच जण तिथंच घामाघूम होतात.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "किती मेगापिक्सेलचा?" मी त्यांना परात दाखवते. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आत उजेड झेलणारी टिकली. समजा अंगणात तेवढ्याच जागेत एक परात ठेवली, नाहीतर चाळीस वाट्या खेटून ठेवल्या, आणि झारीनं थोडं पाणी शिंपडलं. परातीत तांब्याभर जमतं. वाट्यांची नुसती बुडं ओली होतात. उजेडाचं तसंच आहे. दिवसा धो धो उजेड असतो, वाट्याही भरतात, आणि वाट्या जास्त असल्या की चित्र बारीक येतं. अंधारात बूड ओल्या वाट्यांचं चित्र म्हणजे नुसत्या मुंग्या. मेगापिक्सेल मोजणं म्हणजे वाट्या मोजणं. अंधारासाठी टिकली मोठी घ्यावी आणि वाट्या कमी, पण रुंद.

त्यात रंग हवा असला तर प्रत्येक वाटीवर रंगीत फडकं बांधल्यासारखं असतं. निम्म्याहून जास्त उजेड त्या फडक्यातच अडकतो. फडकी काढली की रंग जातो, पण उजेड आत येतो. लेन्सचं म्हणाल तर तिच्यावर आकडा असतो, एक, दीड, दोन. आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं. लोकांना वाटतं मोठा आकडा भारी. तुळजापूरचा एक लॉजवाला मोठ्या आकड्याची लेन्स घेऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, शंभर फुटांवरनं अंधारात चोराच्या गालावरचा तीळ दिसला पाहिजे."

मी विचारलं, "चोराला तीळ आहे हे तुला कसं माहीत? ओळखीचा आहे का?"

पुढच्या खेपेला तो मी सांगितली ती लेन्स घेऊन गेला. पैसेही कमी लागले त्याला.

आता इन्फ्रारेड. तांबड्या रंगाच्याही पलीकडचा उजेड. आपल्या डोळ्याला दिसत नाही, सेन्सरला दिसतो. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला जो बारका बल्ब असतो त्यातून तोच निघतो. गोठ्यात तसला दिवा लावला तर शेळ्यांची झोप मोडत नाही, चोराला कळत नाही, आणि कॅमेऱ्याला सगळं दिसतं. काळं-पांढरं दिसतं, पण दिसतं. मला ह्याचं फार कौतुक होतं. अजूनही आहे.

त्याच कौतुकात एका माणसाचं मी वाटोळं केलं. भूमकडच्या एका गावात शेळीपालनाच्या गोठ्यावर आमचा कॅमेरा होता. सात शेळ्या गेल्या. मालकानं चित्र आणून दाखवलं. एक माणूस शेळीला कानाला धरून ओढतोय, तोंड पलीकडं. मालक म्हणाला, "मावशी, सदरा कोणता दिसतोय?" मी म्हणाले, "पांढराशुभ्र." त्या गावात रोज पांढराशुभ्र सदरा घालणारा एकच गडी होता, भजनात टाळ वाजवणारा. त्याला चावडीसमोर मारला. गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढच्या महिन्यात खरा चोर बाजारात सापडला. त्याच्या अंगावर काळं जर्किन होतं.

मी घरी आले आणि काळ्या कापडाचे पाच-सहा तुकडे पेवात टाकले. चार पांढरे दिसले. डोळ्याला काळा दिसणारा रंग ह्या उजेडाला अडवतच नाही. सगळाच काळा रंग नाही, पण बराचसा. कोळसा तेवढा काळाच दिसतो. एवढी साधी परीक्षा मी आधी केली नव्हती. मी त्या माणसाकडं गेले. हात गळ्यात बांधून ओट्यावर बसला होता. मी सांगितलं, चूक माझी आहे. तो म्हणाला, "तुम्ही कशाला आलाव एवढ्या लांब? कॅमेऱ्याला पाठवायचं." बरोबर बोलला. तेव्हापासून पडद्यावरच्या कपड्याचा रंग मी तोंडातून काढत नाही.

आता विहिरीचं.

परंड्यापासून दहा-बारा कोसांवर नवी विहीर खोदत होते. खोदणारी टोळी सीमेकडची, घरात कानडी बोलणारी. शिवाप्पा आणि भीमा खाली दगड भरायचे. लक्ष्मव्वा वर क्रेन चालवायची. विहिरीवरची क्रेन म्हणजे लोखंडी खांब, इंजिन, तारेचं रीळ आणि एक दांडा. दांडा सैल सोडला की लोखंडी बकेट खाली जातं, ओढला की वर येतं. एरवी हे काम गडी करतात. शिवाप्पानं ते बायकोला दिलं होतं, कारण बकेटखाली तो स्वतः उभा राहायचा आणि दुसऱ्या कुणाच्या हातावर त्याचा भरवसा नव्हता.

सकाळी साडेदहाला वरचा मातीचा थर सुटला. लक्ष्मव्वानं ओरडून सांगितलं. दोघं तळाच्या बाजूला खडकाची कपार होती तिकडं पळाले, एवढं तिनं बघितलं. मग धूळ. धूळ बसली तेव्हा अर्धी विहीर भरली होती. मोठी माणसं आणि सुटकेची गाडी धाराशिवहून निघाल्याचा फोन आला. त्याआधी कुणाला तरी माझी आठवण झाली. एकानं मोटरगाडी पाठवली. मी, रशीदभाई, दोन पेट्या आणि घोंगडी घेऊन निघालो.

ढिगाऱ्यात एका मोठ्या दगडाच्या आणि विहिरीच्या भिंतीच्या मधे मूठ जाईल एवढी फट होती. आमचा नेहमीचा बोअरचा कॅमेरा लांब पाइपाच्या टोकाला बांधून आत सारला. पडद्यावर पांढरं. दूध सांडल्यासारखं पांढरं. पोकलेनवाला बालाजी शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मावशी, मशीन बिघडलं तुमचं."

बिघडलं नव्हतं. त्या कॅमेऱ्याचे दिवे लेन्सच्या भोवतीच गोल बसवलेले असतात. आत धूळ तरंगत होती. दिव्याचा उजेड नाकापुढच्या धुळीवर पडायचा आणि तोच परत लेन्समध्ये. गाडीचा मोठा दिवा धुक्यात लावल्यावर जे होतं तेच. पाण्यानं भरलेल्या बोअरमध्ये हे चालून जातं. धुळीत नाही.

रशीदभाईंनी दुसरी पेटी उघडली. त्यात आमचा सगळ्यात चांगला कॅमेरा होता, मोठ्या टिकलीचा, बिनरंगी, 'एक' हा आकडा लिहिलेल्या लेन्सचा. पेवात त्यानं ज्वारीच्या दाण्यावरची रेघ दाखवली होती. त्याचा दिवा वेगळा असतो, इन्फ्रारेडचा. रशीदभाईंनी तो लेन्सच्या पुढं हातभर अंतरावर तारेनं बांधला. चहापत्तीच्या डब्याचा पत्रा कापून त्याला टोपी केली, म्हणजे उजेड पुढंच जाईल, मागं लेन्सकडं येणार नाही. लेन्सजवळची धूळ अंधारात राहिली, आणि अंधारातली धूळ दिसत नाही. एवढीच युक्ती. बालाजी म्हणाला, "चाचा, डब्याचा पत्रा?" रशीदभाई वर न बघता म्हणाले, "बेटा, डबा मेरा है, चहा तू पिऊन घे."

तेव्हा हात दिसला. तिथून मी सुरुवात केली.

लक्ष्मव्वाला मी सांगितलं की कोण ते कळत नाही. तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "कोण का असंना, पाणी सोडा त्येला." ठिबकची बारीक नळी पाइपाबरोबर आत सारली. बोटांपाशी पाणी गळालं तेव्हा बोटांनी नळी धरली. पुन्हा गलका झाला. मी ओरडले, गप बसा म्हणून.

सरपंच आले. ते चांगले गृहस्थ होते, पण घाईत होते, आणि घाई कुणाला नव्हती? ते म्हणाले, "एक जित्ता दिसतोय. दुसऱ्याचं आता देवाला माहीत. पश्चिमेच्या अंगानं ढीग कमी हाय. बालाजी, मशीन तिकडनं घाल, अर्ध्या तासात त्येला मोकळा करू." बालाजीनं इंजिन चालू केलं.

आमच्या लेन्सला एक खोड होती. ती लांबचं जवळ आणायची, पण बघायची अरुंद. दाराच्या फटीतून बघितल्यासारखं. हात दिसत होता, हाताच्या आजूबाजूला काय आहे ते दिसत नव्हतं. बोअर अरुंदच असतो, तिथं हीच लेन्स बरी. इथं नाही. पेटीत रुंद बघणारी लेन्स होती. ती लावायची तर कॅमेरा वर ओढायचा, वीस मिनिटं घालवायची, पुन्हा सारायचा. आणि दर वेळी सारताना फटीतून माती झडत होती. एकदाच वर काढता येईल असं रशीदभाईंचं म्हणणं होतं.

मी लक्ष्मव्वाला बाजूला घेतलं. सांगितलं, "एकदा वर काढता येईल. आमच्या पांढऱ्या दिव्याचा झोत अरुंद आहे, रुंद लेन्सला पुरत नाही, म्हणून दोन्हींतलं एकच जमेल. दिवा बदलला, पांढरा लावला, तर काळं काळं दिसेल आणि हात कुणाचा ते तुला कळेल. लेन्स बदलली तर हात कुणाचा ते कळणार नाही, पण दुसरा माणूस कुठं आहे ते कदाचित दिसेल. काय करू?"

खरं तर हे मला विचारायची गरज नव्हती. काय करायचं ते मला माहीत होतं. पण नवरा आणि भाऊ तिचे होते.

ती म्हणाली, "आक्का, कोण हाय ते वर आल्यावर दिसंलच की. दुसरा कुठं हाय त्ये बघा." आणि सरळ पोकलेनपुढं जाऊन उभी राहिली. बालाजीला म्हणाली, "इंजान बंद कर. ह्यांचं व्हईस्तर हात लावायचा न्हाय."

"अगं बाई, तुझाच माणूस हाय आत."

"म्हनूनच सांगते."

त्यानं इंजिन बंद केलं. मी माझ्या आयुष्यात कलेक्टर बघितलेत, मंत्री बघितलेत. एवढं नेमकं बोलणारं माणूस बघितलं नाही.

लेन्स बदलताना एक अडचण असते. दिवसाच्या उजेडात लेन्स फिरवून चित्र नीट केलं, तर इन्फ्रारेडमध्ये तेच चित्र पुसट होतं. दोन्ही उजेड एकाच जागी जुळत नाहीत. महागाच्या लेन्समध्ये जुळतात, आमची महागाची नव्हती. म्हणून लेन्स जुळवायची ती अंधारात, त्याच दिव्याखाली. बाहेर ऊन तर कडक. मी घोंगडी डोक्यावरून घेतली, रशीदभाई आत आले, कॅमेरा मधे, आणि हातभर अंतरावर वर्तमानपत्राचा तुकडा. तशा घोंगडीत आम्ही कितीदा तरी बसलोय. पण एवढ्या लोकांपुढं पहिल्यांदाच. बाहेरून कुणीतरी बोललं, "म्हाताऱ्यांना आत्ताच सुचलं व्हय?" कुणीतरी हसलं. त्या हसणाऱ्याला राग नको म्हणून सांगते, भ्यालेली माणसं हसतात.

रशीदभाई म्हणाले, "भाभी, हसू दे त्यांना. डावीकडं जरा. अजून. बस." त्यांच्या कपाळावरून घामाचा थेंब लेन्सवर पडणार होता, तो मी पदरात झेलला. पडद्यावर अक्षरं उठली. पंधरा मिनिटांत झालं. माझा हात असता तर तास लागला असता आणि वर एखादी तार तुटली असती.

कॅमेरा पुन्हा आत गेला. माती झडली, पण थोडी.

आता पडद्यावर अख्खी कपार आली. हात होता तसाच. त्याच्या डाव्या अंगाला बकेट आडवं पडलेलं, आणि बकेटच्या कडेवर एक फरशीसारखा सपाट दगड टेकलेला, दाराएवढा. दगडाचं दुसरं टोक पश्चिमेच्या ढिगावर. म्हणजे बालाजी जो ढीग ओढणार होता त्यावर. आणि त्या दगडाच्या खाली, बकेटच्या आडोशाला, एक पाय. तळवा आमच्याकडं. हलत नव्हता.

बालाजीला बोलावून दाखवलं. त्यानं बघितलं आणि खाली बसला. "मी ओढला असता," एवढंच बोलला. मग उठून पोकलेन शंभर फूट मागं नेऊन उभं केलं. मला त्या पोराचंही कौतुक आहे. पुष्कळ लोक स्वतःची चूक बघून दुसऱ्यावर ओरडतात. तो दिवसभर दगड वाहत होता.

आता वरून एकेक दगड काढायचा, एवढाच मार्ग. जवळपासच्या विहिरींवरच्या टोळ्या येऊन पोचल्या होत्या, दगडाची भाषा कळणारी माणसं. ते कमरेला दोर बांधून ढिगावर उतरले. लक्ष्मव्वा क्रेनवर गेली. माझं काम एकच, पडद्यावर बकेटची कड आणि दगड ह्यांच्यामधली रेघ बघत राहायची. वरचा एखादा दगड उचलताना रेघ बदलली तर "थांब" म्हणायचं. बदलली नाही तर "चल". रशीदभाईंनी पडद्यावर छत्री धरली आणि दुसऱ्या हातानं केबल सांभाळली.

"चल."

"थांब."

"थांब, थांब. खाली घे. हं. आता चल."

मी कितीदा थांब म्हणाले ते सांगता येणार नाही. दर वेळी तिनं जिथं दगड होता तिथंच धरला, बोटभर इकडं तिकडं नाही. मण दोन मणाचे दगड तारेला लटकलेले आणि तिचा हात असा की जणू पाळणा धरलाय. धाराशिवची गाडी आली. त्यांच्या साहेबांनी पाच मिनिटं उभं राहून बघितलं, पडदा बघितला, तिचा दांड्यावरचा हात बघितला, आणि आपल्या माणसांना म्हणाले, "दोर आणि डॉक्टर आपले. क्रेन ह्यांचीच चालू द्या." असा साहेब क्वचित मिळतो.

चार वाजून गेल्यावर हाताच्या वरची जागा मोकळी झाली. माणूस झोळीत घालून वर आणला. चिखलानं इतका माखला होता की कपड्याचा रंग कुणाला कळेना. मी पडदा सोडून उठू शकत नव्हते, पण झोळी माझ्या शेजारूनच गेली. डॉक्टरनं सदऱ्याचा पुढचा भाग कापला. आत, चिखल लागला नव्हता तिथं, काळा होता.

शिवाप्पा. तो शुद्धीवर होता. कानडीत काहीतरी बोलला. लक्ष्मव्वानं क्रेनवरूनच कानडीत उत्तर दिलं, मोठ्यानं. काय बोलली ते मला कळलं नाही आणि मी नंतरही विचारलं नाही. त्याच्या मांड्यांवर पाच-सहा तास दगड होता. डॉक्टर घाई करत होते.

दुसऱ्या टोळीचा एक गडी तिच्याजवळ गेला. म्हणाला, "वहिनी, तू गाडीत बस. मी धरतो दांडा."

ती म्हणाली, "खाली भीमा हाय. तुझा हात मला म्हाईत न्हाय." आणि मला म्हणाली, "आक्का, रेघ बघा."

मी बघितली. गाडी गेली.

सपाट दगडाला तार लावली तेव्हा साडेपाच झाले होते. तो आडवा निघाला असता तर बकेट कलंडलं असतं. सरळ वरच उचलायचा होता. मी "चल" म्हणाले आणि माझा स्वतःचा श्वास धरून बसले. ह्या वयात तसं करू नये. बकेटची कड आणि दगड ह्यांच्यात केसाएवढा अंधार दिसला, मग बोटाएवढा, मग वीतभर. बकेट जागचं हललं नाही. खाली उतरलेल्या माणसानं पायाला हात लावला आणि ओरडला, "गरम हाय!"

भीमा वर आला तेव्हा सहा वाजले होते. बकेटनं त्याच्या छातीवर जागा ठेवली होती. डावा पाय घोट्यापाशी चिरडला होता आणि तो बेशुद्ध होता, पण नाडी लागत होती. त्याला दुसऱ्या गाडीत घातल्यावर लक्ष्मव्वानं दांडा सोडला. तिची बोटं सरळ होत नव्हती, ती रशीदभाईंनी एकेक करून उघडली. मग साहेबांनी तिला सांगितलं.

शिवाप्पा बार्शीच्या दवाखान्याच्या वाटेवर, गाडीतच वारला होता. पायांवरचं ओझं निघाल्यावर कधी कधी रक्तच आतून बिघडतं, असं डॉक्टर म्हणाले.

भीमा जगला.